टँकरची मागची बाजू

"मिसरी संपली म्हंजे? परवाच डबी भरून ठेवलीती म्या!" दगडाबाईनं रिकामी डबी जमिनीवर आपटली. "घरात दोन बायका. तू बोट लावतीस, मी बोट लावती. मग गेली कुठं? मुंग्यांनी नेली?"

"मला कावून इचारता, आत्याबाई? तुमच्या लेकाला इचारा." सिंधुबाईनं परातीतलं पीठ मळता मळता हनुवटीनं पडवीकडं दाखवलं.

पडवीत त्रिंबक पोत्यावर बसला होता. पुढ्यात पाट, पाटावर कापडाची घडी, आणि घडीवर तळहातावर मावेल एवढा एक टँकर. त्रिंबकच्या नाकावर एकावर एक असे दोन चष्मे होते. त्यानं मान वर केली नाही.

"थोडीच घेतली," तो म्हणाला. "डिझेलच्या धुराचा रंग दुसऱ्या कशानं येत न्हाई. बाजारचा काळा निळसर दिसतो."

"आगं बया! माझ्या तोंडची काढून खेळण्याच्या तोंडाला लावली!"

"तोंडाला न्हाई. सायलेन्सरला."

"जळो तुझा सायलेन्सर. साठीला आला आन गाडी-गाडी खेळतोय."

"काल माझ्या तव्याची काजळी खरडून नेली," सिंधुबाईनं भर घातली. "परवा बोअरच्या पायपाचा गंज. त्याच्या आधी मलमलीचं फडकं फाडलं, धूळ चाळायला. साऱ्या गावाच्या नाकातोंडात धूळ, आन आमच्या घरात ती चाळून बाटलीत भरत्यात."

"सिंधू, लई बोलू नको."

"बोलती कुठं? भाकरी थापती."

हे भांडण गेले दोन महिने रोज होत होतं. वस्तू तेवढी बदलायची.

त्रिंबक एकोणतीस वर्षं सहकारी साखर कारखान्याच्या वाहन विभागात पेंटर होता. दर हंगामाच्या आधी कारखान्याचे ट्रक, ट्रॅक्टर, मळीचे टँकर त्याच्या हाताखालून जायचे. गंज खरवडायचा, पोच्यांत लांबीचा लगदा भरायचा, रेड ऑक्साइडचा तांबडा हात मारायचा, वर हिरवा रंग, आणि शेवटी पिवळ्या अक्षरांत दोन ओळींत कारखान्याचं नाव. त्यानं कधी पत्र्याचे छाप वापरले नाहीत. मोकळ्या हातानं लिहायचा, आणि नांदूरघाटपासून केजपर्यंत रस्त्यावर लांबून गाडी दिसली तरी लोक म्हणायचे, ही कारखान्याची.

सलग दोन वर्षं पाऊस गेला. ऊस जनावरांच्या चाऱ्याला संपला, गाळप बंद पडलं, कामगारांना घरी बसायला सांगितलं. त्रिंबक खरोखरच बसला. बसला म्हणजे पडवीतल्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला, तो जवळजवळ वर्षभर. चाकणला असलेला लेक फोनवर म्हणायचा, बाबांना कशात तरी गुंतवा. कशात गुंतवायचं ते तो सांगायचा नाही. सिंधुबाई बाजेखालून झाडायची, पाठीशी जेवणाचं ताट ठेवायची, रिकामं ताट उचलायची. आल्यागेल्या माणसांनाही सवय झाली होती. ती त्या पाठीशी बोलून, चहा पिऊन जायची.

मग मोहनरावांचा फोन आला. मोहनराव केजचे. शाळेत त्रिंबकच्या दोन वर्ग पुढं. जन्मभर रेल्वेत सिग्नलचं काम करून पुण्यात निवृत्त झालेले. केजला रेल्वे काही आली नाही, ती मोहनरावांनी स्वतःच्या माडीवर आणली होती. अख्ख्या खोलीभर टेबल, त्यावर रूळ, स्टेशन, पाटीवर नाव केज. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. माणूस म्हणजे एका शेंगदाण्याएवढा. त्रिंबक त्याला रेल्वेचा देखावा म्हणायचा, गणपतीपुढं करतात तसा.

त्या देखाव्यात मोहनरावांना दुष्काळाचं साल दाखवायचं होतं. फलाटाला पाण्याची गाडी लागलीय आणि बाहेर रस्त्यावर आठ टँकर भरून घ्यायला रांगेत उभे आहेत, असं. गाडीचे डबे त्यांना विलायतेहून मिळाले. आपल्याकडचे टँकर कुठून मिळणार? त्यांना हवे होते ते कारखान्याचे मळीचे आणि दूध संघाचे जुने टँकर. दुष्काळात पाण्याला तेच लागतात. मळीचा टँकर कितीही धुतला तरी पहिले पंधरा दिवस पाण्याला गोडसर वास येतो आणि हंड्याला मुंग्या चढतात.

त्रिंबक बाजेवरून उठला तो ह्या कामासाठी. वायरिंगचा पाइप कापून त्यानं टाकी केली, बारीक तारेची शिडी केली, प्लॅस्टिकच्या डब्याचा बंपर. दोन केसांच्या ब्रशनं दोन ओळींत पिवळं नाव लिहिलं. टँकर नवा होता तोवर दृष्ट लागावी असा होता. अडलं ते तो जुना करताना. दोन वेळा त्यानं केजहून एसटीच्या पार्सलनं नमुना पाठवला आणि दोन्ही वेळा तो परत आला. आता तिसऱ्यांदा नुसता फोटो पाठवला होता.

भाकरी तव्यावर असतानाच फोन वाजला. त्रिंबकचे हात टर्पेंटाइनचे, म्हणून त्यानं कोपरानं दाबून आवाज मोठा केला.

"त्रिंबकराव, फोटो बघितला," मोहनराव म्हणाले. "कसं सांगू तुम्हाला? गाडी मळलीय हो, पण जुनी नाही झाली. धुळवड खेळून आल्यासारखी दिसतेय. आंघोळ घातली की पुन्हा नवी."

"धूळ वाढवू का, साहेब?"

"धूळ वाढवून काय होणार? वीस वर्षं वापरलेली, लोकांनी वापरलेली वाटली पाहिजे. जूनच्या पहिल्या रविवारी माझ्याकडे मुंबई-नाशिकची मंडळी यायचीत. सगळी ह्यातली जाणती. डब्याचा एक खिळा चुकला तरी बोट ठेवतात." मोहनराव पुढं म्हणाले, "इथं पुण्यात एक मुलगा आहे, मशीननं रंग फवारून करतो. तुमचा हात मला आवडतो म्हणून थांबलोय. ह्या आठवड्यात हा एक बरोबर झाला तर बाकीचे सातही तुमचे. नाहीतर मग राग मानू नका."

"न्हाई साहेब. राग कशाचा."

फोन बंद झाला. त्रिंबकनं एक चष्मा काढला, मग दुसरा काढला. ब्रश पुसून बाटलीत उभा केला. उठून बाजेवर गेला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

"भाकरी झालीय," सिंधुबाई म्हणाली.

पाठ हलली नाही.

दगडाबाईला मोतीबिंदूमुळं धड दिसत नव्हतं, पण बाज करकरलेली कळली. "निजला का परत?" तिनं हळू विचारलं. मिसरीचा विषय तिनं नंतर काढला नाही.

सिंधुबाई चुलीपुढं बसून राहिली. तिला त्या टँकरचं काही वाटत नव्हतं. मोहनरावांच्या मंडळींनी कुठं बोट ठेवावं ते ठेवावं. पण ती पाठ वर्षभर सांभाळून ती दमली होती, आणि पुन्हा एक वर्ष तिच्याच्यानं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टँकरचा वार होता. सिंधुबाईनं पहाटेच घागरी नेऊन रांगेत मांडल्या आणि नंबर धरून बसली.

सिंधुबाई युसूफ वडगावची. बहात्तरच्या दुष्काळात नऊ वर्षांची होती. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची. तिथं ड्रमातलं पाणी वाडग्यानं वाटायचे. बापानं त्याच वेळी ठरवलं होतं, लेक द्यायची ती पाण्याच्या गावाला. सोयरिकीच्या वेळी त्यानं घर पाहिलं नाही, पोराची नोकरी विचारली नाही. तेव्हा नोकरी नव्हतीच. आधी जाऊन सासरची विहीर वाकून पाहिली. परसातली, बांधीव, पायऱ्या बुडालेल्या. वाकून पाहिली आणि सुपारी फोडली. लग्नाच्या दहाव्या वर्षी ती विहीर आटली. मग दोन वर्षं पाणी आलं, परत आटली. आता तिच्यात त्रिंबकची जुनी सायकल पडलेली वरून दिसते. बाप मरेपर्यंत कधी भेटायला आला की आधी विहिरीत डोकावायचा आणि मग न बोलता पाय धुवायला तांब्या मागायचा. अर्धाच मागायचा.

पोराचं बारसं, नणंदेचं लग्न, स्वतःचं ऑपरेशन, सिंधुबाईला सगळं टँकरवरून आठवायचं. दूध संघाचा टँकर यायचा त्या साली लेक झाला. मळीचा यायला लागला त्या साली सासरे गेले. अंत्यविधीची आंघोळ त्याच गोडसर वासाच्या पाण्यानं झाली.

नऊच्या सुमाराला हॉर्न वाजला. म्हाळू ड्रायव्हरनं चिंचेखाली कारखान्याचा टँकर उलटा लावला आणि साऱ्या बाया मागच्या बाजूला धावल्या. सिंधुबाईही गेली. पण आज ती घागर हातात धरून नुसतीच उभी राहिली.

"आगं सिंधू, सरक की!" शेजारच्या छबुबाईनं कोपर मारलं. "पाणी भराया आलीस का टँकर बघाया? का म्हाळू पसंत पडलाय?"

"म्हाळू न्हाई. मागची बाजू."

"कुणाची?"

"टँकरची, मेले."

बाया हसल्या. म्हाळू वरून ओरडला, "आमच्या समोरच्या बाजूला कुणी इचारतच न्हाई, आक्का!"

सिंधुबाई बघत होती. पंचवीस वर्षं ती ह्या पत्र्याला चिकटून उभी राहिली होती, आणि तो तिनं कधी बघितला नव्हता. समोरून, बाजूंनी टँकर धुळीनं माखलेला होता. त्रिंबकनं केला होता तसाच. पण मागं धुळीचा कण नव्हता. तोटीतून सारखं पाणी गळायचं, त्यानं खालचा पत्रा ओला, काळा, बुळबुळीत झाला होता. डाव्या मागच्या चाकाला चिखलाचे गोळे होते, आणि पुढची चाकं पांढरीफट्ट. तोटीला चिंधी गुंडाळलेली. शिडीची खालची पायरी पायांनी घासून चमकत होती. बंपर घागरींच्या धडकांनी चेपला होता आणि त्यावर निळे, केशरी, पोपटी ओरखडे होते, प्लॅस्टिकच्या घागरींचे. आणि तोटीच्या दोन्ही अंगांना, कमरेपासून कोपरापर्यंतच्या उंचीला, रंगच नव्हता. हिरवा गेला होता, खालचा तांबडा गेला होता, उघडा पत्रा दिसत होता. नावाची वरची ओळ अर्धवट वाचता येत होती. खालची गेली होती.

"म्हाळू, हा मागचा रंग कधी गेला रं?"

"तुमीच नेला की सगळ्याजणींनी मिळून. लुगड्याला लावून."

त्या दिवशी सिंधुबाईची एक घागर रिकामी राहिली. तिच्या नंबरावर ती बघत उभी होती, तेवढ्यात छबुबाईनं आपली सरकवली.

दुपारी त्रिंबक केजला गेला. कारखाना कधी सुरू होणार ते विचारायला कामगार महिन्यातून एकदा जमायचे. कुणीतरी सांगायचं की बघू, आणि चहा पिऊन सगळे परतायचे. तो मुळात जायला तयार नव्हता. सिंधुबाईनंच त्याला उठवून, टोपी हातात देऊन लावून दिलं. दगडाबाईचा डोळा लागला होता.

सिंधुबाई पोत्यावर बसली आणि टँकर हातात घेतला. आधी तिनं शेंगांच्या टोपलीतून एक शेंगदाणा आणला, आणि तो टँकरच्या मागं, तोटीपाशी उभा केला. ही मी, ती मनात म्हणाली. शेंगदाण्याच्या मध्यावर, जिथं कंबर, तिथं तिनं सुईनं टाकीवर बारीक खूण केली. त्याच्या जरा वर कोपराची.

मग ती भांडी घासते तशी कामाला लागली. बोट ओलं करून राखेत बुडवलं आणि दोन खुणांच्या मधला रंग घासला. त्रिंबकनं टाकीवर चंदेरी, त्यावर तांबडा, त्यावर हिरवा असे थर दिले होते. तिला ते माहीत होतं. हिरवा गेला, तांबडा दिसायला लागला. आणखी घासलं तेव्हा मधोमध चंदेरी निघाला. खालची पिवळी ओळ बोटाखाली आली. तिचं बोट एकदा थांबलं, कारण ती ओळ लिहिताना त्यानं श्वास कसा धरला होता ते तिनं पाहिलं होतं. मग तिनं ती घासली.

बंपर ओला करून तिनं खऱ्या निळ्या घागरीच्या बुडाला घासला, मग केशरी घागरीला. बारीक रेघा उठल्या. सुई चुलीत तापवून टेकवली आणि बंपरला पोचे आणले. फाटक्या लुगड्याचा दोरा काढला आणि दातानं धरून तोटीला गाठ मारली. रानातली काळी माती कालवून डाव्या मागच्या चाकाला थापली. मागची धूळ टर्पेंटाइनच्या चिंधीनं पुसून काढली आणि तोटीखाली काडीनं खोबरेलाचा एक थेंब ओढला, चाकापर्यंत. पाणी वाळलं असतं. तेल ओलंच दिसतं.

पाच वाजता त्रिंबक आला. टोपी खुंटीला अडकवताना त्याची नजर पाटावर गेली.

"हे काय केलंस?" त्यानं टँकर उचलला. "माझी अक्षरं! आगं, तीन दिवस लागलेते ह्या ओळीला!"

"जात्यातच ती तिथली."

"कुठं जात्यात? एकोणतीस वर्षं मी गाड्या रंगवल्या. मला शिकवतीस? तुला कुणी हात लावाया सांगितलं?"

"एकोणतीस वर्षं तुमी गाड्या यार्डात बघितल्या," सिंधुबाई म्हणाली. "धुतलेल्या. रंग देऊन फाटकाबाहेर काढल्या, तुमचं काम झालं. पाण्याला लागल्यावर त्यांच्या मागं किती वेळा उभं राह्यलात? एकदा तरी आलता का रांगेत?"

त्रिंबक कधीच आला नव्हता. आधी हंगाम असायचा, मग ड्युटी असायची. आणि गेलं वर्ष बाजेवर गेलं होतं.

"गावातले बापय येत्यात की," दगडाबाई आतून म्हणाली. ती केव्हाची जागी होती.

"येत्यात. वर चढायला आन भांडणं लावायला."

त्रिंबकनं दोन्ही चष्मे चढवले. दारातल्या उन्हात जाऊन बराच वेळ टँकर फिरवून फिरवून पाहिला.

"हे तेल कावून?"

"ओलं दिसाया."

"आन धूळ कावून पुसली?"

"मागं धूळ बसतच न्हाई. पाणी गळतंय सदा."

"हे निळं?"

"घागर."

टँकर पाटावर ठेवून त्यानं मागच्या बाजूचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

मोहनरावांचा फोन अर्ध्या तासात आला. "त्रिंबकराव! अहो, काय केलंत हे? मी चष्मा काढून, घालून बघितला. ही गाडी मी पाहिलीय. आमच्या आळीत हीच यायची. ती बंपरवरची निळी रेघ! तुम्हाला सुचलं कसं?"

सिंधुबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"हां साहेब," त्रिंबक म्हणाला. "जरा मागच्या बाजूवर काम केलं."

"नजर आहे हो तुमची! आता सातही असेच करा. जूनच्या आधी मला हवेत."

"हां. करतो की."

सुपातला हात थांबला. मग परत खडे निवडायला लागला.

"माझ्या मिसरीचं बी सांग त्याला," दगडाबाई ओरडली.

त्रिंबकनं घाईनं फोन बंद केला. रात्री जेवताना तो म्हणाला, "फोनवर कुठं सगळं सांगत बसायचं? त्यांना काय, काम झाल्याशी मतलब."

"मी काय म्हटलं का?" सिंधुबाईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

त्या दिवसापासून घरात वाटणी झाली. पुढची बाजू, केबिन, चाकं, नाव, धूळ, धूर हे त्रिंबकचं. मागची बाजू सिंधुबाईची. वाटणी कुणी बोलून केली नाही. त्रिंबक पुढची बाजू झाली की टँकर कापडावर तिच्या जागेकडं तोंड फिरवून ठेवायचा, एवढंच. तो बाजेवर पडेनासा झाला होता. सकाळी उठून धूळ चाळायचा, गुणगुणायचासुद्धा. मिसरीच्या नव्या डब्या त्यानं दोन आणल्या, एक आईला आणि एक सायलेन्सरला.

सिंधुबाईचं घरकाम काही कमी झालं नव्हतं. पहाटे रांग. पाणी आणायचं, गाळायचं, धुण्याचं वेगळं काढायचं. स्वैपाक. सासूची आंघोळ, तीही तांब्याभर पाण्यात. शेळीला शेंगांची टरफलं. हे सगळं आटोपून दुपारी ती पोत्यावर बसायची तेव्हा कंबर आधीच गेलेली असायची. राखेनं बोटाचं टोक सोललं होतं. मीठ लागलं की झोंबायचं.

तिसऱ्या टँकरला तिचा डोळा लागला. तापलेली सुई हातात होती. ती बंपरला टेकायच्या ऐवजी टाकीत घुसली. प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला तेव्हा ती दचकून जागी झाली. टाकीला आरपार भोक पडलं होतं.

"ध्यान कुठं हाय तुझं?" त्रिंबक खेकसला. "आठ दिवसांचं काम गेलं!"

"रांगेत हाय," ती म्हणाली. "पहाटे चारपासून तिथंच हाय."

त्याला वाईट वाटलं असावं, कारण पुढच्या टँकरच्या वारी ती पाण्याला गेली असताना त्यानं चौथ्या टँकरची मागची बाजू स्वतःच करून ठेवली. पहिल्याचा फोटो समोर ठेवून, राख, सुई, खोबरेल, सगळं तसंच. ती आली तेव्हा त्यानं तो तिच्यापुढं धरला. "घे. आज निज जरा."

सिंधुबाईनं डोक्यावरची घागर उतरवली, पदरानं हात पुसले आणि टँकर घेतला. पाहिला. मग टोपलीतला शेंगदाणा आणून त्याच्या मागं उभा केला.

"हे घासलंय कुठवर?"

"फोटोत हाय तितकं."

"फोटोत तोटी जवळून दिसती. हे तुमी खांद्याला नेलं. बापय माणूस खांदा टेकून उभा राह्यतो तिथं." तिनं शेंगदाण्यावर नख ठेवलं. "बाया टेकत न्हाईत. वाकत्यात. इथं लागतं, कमरेला, आन इथं कोपराला."

त्रिंबकनं दोन्ही चष्म्यांतून पाहिलं. शेंगदाण्याकडं, मग तिच्याकडं. तिच्या लुगड्याची कमरेची बाजू ओली होती आणि तिथं गंजाचा डाग होता.

"मग हा बी गेला," तो म्हणाला.

"गेला."

चार टँकर अजून करायचे होते, वर हे दोन परत. मोहनरावांची मंडळी यायला सोळा दिवस राहिले होते. त्रिंबक पाटासमोर बसून राहिला. एकदा त्याची नजर बाजेकडं गेली. सिंधुबाईनं ती नजर पाहिली.

त्या रात्री ती नेहमीसारखी निजली आणि पुढच्या टँकरच्या दिवशी पहाटे नेहमीसारखी उठली. घागरी विसळल्या, दाराशी ओळीनं मांडल्या. चूल पेटवली, चहा केला. एक कप दगडाबाईच्या हातात दिला, एक त्रिंबकपुढं ठेवला. तिसरा घेऊन ती पडवीत गेली आणि त्याच्या पोत्यावर बसली. पाट पुढं ओढला. त्याच्या दोन चष्म्यांतला वरचा उचलून स्वतःच्या नाकावर ठेवला आणि रंगाचे थर झालेला नवा टँकर उजेडाकडं धरला.

"आज पाण्याला गेली न्हाईस?" त्रिंबकनं विचारलं.

"न्हाई."

"छबुबाई आणणार हाय का?"

"न्हाई."

दगडाबाईनं बशीतला चहा फुंकायचा थांबवला. "आगं, मग आणणार कोण? आता काय माझा लेक बायांच्या रांगेत उभा राह्यील? साऱ्या गावासमोर?"

सिंधुबाईनं बोट ओलं केलं आणि राखेत बुडवलं.

"आजपासून टँकरला ते जातील," ती म्हणाली. "तोटीच्या उजव्या अंगाला उभं राह्यायचं, डाव्या अंगाला चिखल असतो. निळ्या घागरीला खाली चीर पडलीय, ती शेवटी भरायची."